एकशेतेरा पायऱ्यांचं आनंद केंद्र

बाळांनो, मांडी घालून बसा. ज्यांना मांडी घालता येत नाही त्यांनी पाय पसरले तरी चालेल, कारण ही गोष्ट त्यांचीच आहे.

एका जंगलात म्हातारे फार झाले होते. तसे ते सगळ्याच जंगलांत होतात. पण या जंगलात ते राजाच्या लक्षात आले आणि तिथून पंचाईत सुरू झाली.

करवंदीच्या जाळीमागे येसाक्का नावाची एक म्हातारी अस्वलीण राहायची. गुडघे गेलेले, एका डोळ्यात पडदा आलेला, पण जीभ शाबूत. रोज सकाळी ती पाणवठ्यावर जायची. पाणी प्यायची, पण खरी जायची ती गप्पा मारायला. तिथे गेनूअण्णा साळिंदर यायचे. त्यांचे निम्मे काटे गळले होते आणि उरलेले बोलण्यात उतरले होते. हिंदुराव गवा यायचे. हिंदुराव एकेकाळी चाळीस गव्यांच्या कळपाचे प्रमुख होते. आता कळप त्यांना काही विचारत नव्हता, म्हणून ते न विचारणाऱ्यांना सल्ला देत.

तिघं पाण्यात पाय सोडून बसायचे. कोण गेलं, कोण अंथरुणाला खिळलं, कुणाच्या सुनेनं सासूला मधाच्या पोळ्याचं नुसतं मेण दिलं, हे सगळं तिथे ठरायचं. ऊन डोक्यावर आलं की आपापल्या घरी. एवढाच त्यांचा दिवस, आणि तो त्यांना पुरत होता.

मग काय झालं, की पाणवठ्याकडे उतरणारी वाट रानडुकरांनी कंदांच्या नादात उकरून ठेवली. वाटेच्या टोकाला येसाक्काच्या छातीएवढा तुटका बांध तयार झाला. तरुण जनावरं त्यावरून उडी मारत. उडी मारताना त्यांना मजाही येई. म्हाताऱ्यांना मात्र बांबूच्या बनाला वळसा घालून यावं लागे, आणि त्यात अर्धा दिवस जाई.

एका सकाळी येसाक्कानं वळसा घालायचा कंटाळा केला. बांधावरून पाय खाली सोडला आणि पायाखालची माती निघून गेली.

गेनूअण्णा आले तेव्हा ती कुशीवर पडलेली होती.

"अगं येसाक्का, इथं का झोपलीस?"

"हौस आली म्हणून! अण्णा, उठवा आता."

गेनूअण्णांनी पाठ लावून उठवून पाहिलं. बाळांनो, साळिंदरानं पाठ लावली की काय होतं ते तुम्हीच ताडा. येसाक्का ओरडली, "नको, राहू द्या. पडलेलीच बरी आहे मी!"

मग गेनूअण्णा पळसाच्या पानातून पाणी आणू लागले. पाणी सहा पावलांवर होतं, पण गेनूअण्णांचे हात थरथरत. पान तोंडाशी पोचेपर्यंत त्यात चार थेंब उरत. त्यांनी किती खेपा केल्या ते त्यांनाच आठवत नाही. दुपारी हिंदुराव आले, त्यांनी शिंगं खाली घालून तिला उभं केलं. तेव्हा येसाक्काच्या डोळ्यांत पाणी होतं.

"फार लागलं का?" हिंदुरावांनी विचारलं.

"लागलं नाही फारसं. पण सकाळपासून पाणी डोळ्यांसमोर होतं हो."

दुसऱ्या दिवशी गेनूअण्णा दरबारात गेले. राजा वाघ होता. नुकतंच जेवण झालं असल्यामुळे तो दयाळू मनःस्थितीत होता.

"महाराज, पाणवठ्यावर एक दगडाची पायरी बसवून द्या."

"एकच?"

"एकच. म्हाताऱ्यांना उतरता आलं म्हणजे झालं."

महाराज गहिवरले. "अण्णा, एवढी छोटी मागणी कशाला? तुम्ही या जंगलासाठी खस्ता खाल्ल्यात. आम्ही तुमच्यासाठी काहीतरी मोठं करू."

बाळांनो, राजा मोठं करू म्हणाला की छोटं मागणाऱ्यानं तिथून लवकर निघावं. गेनूअण्णा निघाले, पण उशीर झाला होता.

आठवड्याभरात ज्येष्ठ जीव कल्याण विभाग स्थापन झाला. विभागप्रमुख म्हणून मोरसाहेबांची नेमणूक झाली, कारण पिसारा असला की कार्यक्रमाला शोभा येते. त्यांच्या हाताखाली कार्यक्रम समन्वयक म्हणून मृण्मयी खार आली. ती दोन वर्षांची होती आणि लांबच्या जंगलातून वार्धक्यशास्त्र शिकून आली होती. मनानं ती खरोखर चांगली होती. या गोष्टीतलं निम्मं नुकसान तिच्या चांगुलपणानंच झालं आहे.

मृण्मयी आधी सर्वेक्षण करायला निघाली. गेनूअण्णांच्या बिळासमोर बसून तिनं पानावरचे प्रश्न वाचायला सुरुवात केली.

"आजोबा, आपण आनंदी आहात का? खूप, बऱ्यापैकी, की सांगता येत नाही?"

"मी कुणाचा आजोबा नाही. माझं लग्न झालेलं नाही. पायरीचं काय झालं?"

"त्यावर येऊ आपण. आपल्याला जगण्यात अर्थ वाटतो का?"

"पायरी झाली की वाटेल."

मृण्मयीनं पान उलटसुलट करून पाहिलं. त्यात पायरीला रकाना नव्हता. तिनं खूप विचार केला आणि शेवटी 'इतर' या रकान्यात लिहिलं: आयुष्याच्या पुढच्या पायरीबद्दल अस्वस्थता.

तिनं एकेचाळीस म्हाताऱ्यांना भेटून विचारलं. एकोणचाळीस जणांनी पायरी मागितली. राहिलेल्या दोघांना ऐकू येत नव्हतं. मृण्मयीनं अहवालात लिहिलं, की ज्येष्ठांमध्ये आयुष्याविषयीची अस्वस्थता चिंताजनक प्रमाणात पसरली असून विभागानं तातडीनं आनंद द्यायला हवा.

मग आरोग्य शिबिर झालं. वैद्य बगळे एका पायावर उभे राहून प्रत्येकाची नाडी बघत होते. शिबिराचं उद्घाटन महाराजांच्या हस्ते होतं आणि महाराज उद्घाटन करून तिथेच पाय पसरून बसले. एकेक सांबर, एकेक भेकर वाघासमोरून चालत येई आणि बगळ्यांपुढे हात करी. सगळ्यांच्या नाड्या धाडधाड उडत होत्या.

"आश्चर्य आहे," वैद्य बगळे म्हणाले. "एकूण एक म्हाताऱ्याला मनाचा ताण आहे."

"कशामुळे असेल?" महाराजांनी काळजीनं विचारलं आणि जांभई दिली.

नाड्या आणखी वाढल्या. बगळ्यांनी निदान केलं, की ताणाचं कारण रिकामपण असावं.

अशा रीतीनं 'सांजबहार ज्येष्ठ आनंद केंद्र' मंजूर झालं. जागा मोरसाहेबांनी निवडली. पाणवठ्याच्या वरच्या टेकडीचा माथा. वर वारा छान, देखावा छान. म्हाताऱ्यांना वर चढता यावं म्हणून विभागानं खास दगडी पायऱ्या करायच्या ठरवल्या. एकशेतेरा पायऱ्या. प्रत्येक पायरी घडीव, रुंद, बसायला ऐसपैस.

दगड पाणवठ्याच्या काठावरून आणले. जवळ तेच होते.

दगड गेले तशी काठाची माती ढासळली. बांध आता येसाक्काच्या डोक्याच्या वर गेला. हत्तींनी दगड ओढून नेले तेव्हा गेनूअण्णा वाटेत उभे राहिले होते. "अहो, यातला एकच इथं ठेवा," ते ओरडत होते. मोरसाहेबांनी त्यांची समजूत काढली. "अण्णा, एकाचं काय घेऊन बसलात? एकशेतेरा देतोय आम्ही."

केंद्र सुरू झालं. काय नव्हतं तिथं! सकाळी प्राणायाम, मग हास्यवर्ग, मग टाळ्यांचा व्यायाम. मंगळवारी अंताक्षरी. गुरुवारी 'नातवंडांशी मैत्री कशी करावी'. हे गेनूअण्णांनाही सक्तीचं होतं. हास्यवर्ग मृण्मयी स्वतः घ्यायची. तिनं शेपटी वर केली की सगळ्यांनी हा-हा-हा करायचं, शेपटी खाली आली की थांबायचं. पहिल्या आठवड्यात म्हातारे चुकत. महिन्याभरात शेपटी हलली की हसू आपोआप येऊ लागलं.

एकदा बाहेरून आलेल्या एका बदकानं 'वृद्धापकाळात पाण्याचं महत्त्व' या विषयावर दोन तास व्याख्यान दिलं. म्हाताऱ्यांनी दिवसातून निदान आठ वेळा पाणी प्यावं, असं ते म्हणालं. केंद्रात पाणी नव्हतं. ऐकणारे सगळे जिभा बाहेर काढून बसले होते. बदकाला वाटलं, त्यांना विषय आवडला.

दुसऱ्यांदा 'पडणं कसं टाळावं' अशी कार्यशाळा झाली. ती ऐकायला येताना शेहेचाळिसाव्या पायरीवर एक म्हातारं माकड पडलं. त्याला उशिरा आल्याबद्दल समज दिली गेली.

आणि सत्कार तर होतच होते. हिंदुरावांचा सत्कार सात वेळा झाला. शाल गव्याच्या मापाची मिळेना. ती नुसत्या वशिंडावर टोपीसारखी बसायची, पण हिंदुराव ती काढत नसत. कळपात कुणी विचारत नव्हतं, इथे मात्र पहिल्या रांगेत जागा होती. त्यांना ज्येष्ठ सल्लागार मंडळाचं अध्यक्ष केलं, तेव्हा ते पाणवठ्याच्या मित्रांना म्हणाले, "पायरी पायरी काय करता सारखं? जरा व्यापक विचार करा."

"हिंदुराव," गेनूअण्णा म्हणाले, "तुमची शाल घसरलीय."

ते तिघं एकत्र बसले ते त्या दिवशी शेवटचं. मग कित्येक महिने पाण्याकाठी गप्पा झाल्या नाहीत.

येसाक्काला पाण्यासाठी रोज बांबूच्या बनाला वळसा पडे. तिकडून केंद्रात पोचेपर्यंत हास्यवर्ग आटोपलेला असे. हजेरीत तिच्या नावापुढे 'अनियमित' लागू लागलं. मग एक दिवस मृण्मयी तिच्या गुहेत आली. तिच्या शेजारी बसली, तिचा पंजा हातात घेतला.

"आजी, तुम्ही स्वतःला कोंडून घेताय."

"कोंडून कुठलं, बाई? पाण्याला जाते मी. तिकडेच दिवस मोडतो."

"पाणी हे निमित्त असतं, आजी. आपण खरं कारण टाळतो."

येसाक्कानं तिच्याकडे बघितलं. पोरगी प्रेमानं बोलत होती, त्यामुळे तिच्यावर ओरडताही येईना. "तहान लागते गं मला," ती एवढंच म्हणाली.

मृण्मयीचे डोळे भरून आले. तिनं जाऊन लिहिलं: मायेची तहान. आणि येसाक्काचं नाव 'प्रेरणामूर्ती' पुरस्कारासाठी सुचवलं.

वार्षिक समारंभाला महाराज आले. येसाक्का पहाटेपासून पायऱ्या चढत होती. दर दहा पायऱ्यांवर ती बसायची आणि गेनूअण्णा तिच्याबरोबर बसायचे. शेवटी ती मंचावर पोचली. तिच्या गळ्यात रानजाईचा हार घातला आणि दोन मिनिटं बोलायला सांगितलं.

येसाक्का आयुष्यात कधी मंचावरून बोलली नव्हती. समोर चाळीस म्हातारे, मध्ये मोठ्या दगडावर वाघ.

"महाराज," ती म्हणाली, "मला हार नको होता. वर्ष होत आलं, मी पाणवठ्यावर पडले. बांध तुटलाय तिथं. मी उन्हात पडून होते आणि पाणी सहा पावलांवर होतं. मला सरपटत तरी पाण्याशी जावंसं वाटत होतं. माझ्या मनात आलं, आपण इथंच पाण्याकडे बघत मरणार. तर महाराज, तिथं एक पायरी..."

मृण्मयी मंचाच्या कडेला उभी होती. तिच्या काळजात चर्र झालं. आजी किती उदास बोलतायत! त्यांना सावरायला हवं. तिनं शेपटी वर केली.

आठ महिन्यांची सवय होती. चाळीसांतले एकोणचाळीस म्हातारे एकदम हसले. हा-हा-हा! हा-हा-हा! पहिल्या रांगेतून हिंदुरावांचा आवाज सगळ्यांत मोठा. महाराजही हसू लागले. "वा! आजी विनोदी आहेत."

येसाक्का थांबली. तिला वाटलं, आपण काहीतरी चुकीचं बोललो. चांगल्या डोळ्यानं तिनं समोर पाहिलं, तर हिंदुराव तोंड उघडून हसत होते. तिची नजर आपल्यावर आली हे हिंदुरावांना दिसलं. त्यांचं तोंड उघडंच राहिलं, आवाज मात्र बंद झाला. ज्या शिंगांनी तिला उभं केलं होतं ती शिंगं त्यांनी खाली घातली.

येसाक्का उतरायला लागली. खूप खाली आल्यावर तिनं विचारलं, "अण्णा, तुम्ही नाही हसलात?"

"मला ती विद्या आली नाही," गेनूअण्णा म्हणाले. "मी त्या वर्गाला डोळे मिटून बसायचो."

दुसऱ्या दिवशी सकाळी टेकडीच्या पायथ्याशी धप्प असा आवाज झाला. गेनूअण्णा धावत गेले. म्हणजे त्यांच्या मानानं धावत. बघतात तर हिंदुराव सगळ्यांत खालच्या पायरीखाली शिंगं घालून जोर लावत होते. त्यांच्या नाकातून फेस येत होता. वशिंडावर शाल नव्हती.

"हिंदुराव, काय चाललंय?"

"दगड ढकलतोय. इथून पाणवठ्यापर्यंत उतारच आहे."

"आणि तुमचं सल्लागार मंडळ?"

हिंदुरावांनी मान वर केली नाही. "अण्णा, मी हसलो हो काल," ते म्हणाले. "ती सांगत होती आणि मी हसलो."

गेनूअण्णांच्या जिभेवर एक काटा आला होता. तो त्यांनी गिळला आणि दगडाच्या दुसऱ्या बाजूला गेले.

पहिला दगड पाणवठ्याशी पोचायला दुपार झाली. दुसऱ्या दिवशी दोन सांबरं आली. तिसऱ्या दिवशी पाय मुरगळलेलं ते माकड आलं आणि उंचावर बसून दगड कुठे वळवायचा ते ओरडून सांगू लागलं. ऐकू न येणारे दोघं त्याच्याकडे न बघता कामाला लागले. गेनूअण्णांनी उरलेल्या नखांनी बांधात खाचा उकरल्या. येसाक्कानं बसून माती थापली. रोज भांडणं होत. हा दगड वाकडा बसला, तो तुम्ही बसवला, तुम्हाला काही कळत नाही. आठ महिन्यांत अंताक्षरीला कुणी एवढ्या जोरात बोललं नव्हतं.

दहाव्या दिवशी सहा पायऱ्या तयार झाल्या. सगळे बाजूला झाले. येसाक्का एकेक पायरी उतरली. पाण्यापाशी गेली, तोंड घातलं आणि खूप वेळ वर काढलंच नाही. मग हनुवटीवरून पाणी गळत असताना तिनं मागे बघितलं आणि विचारलं, "अहो, ती सासूला मेण देणारी सून... तिचं पुढं काय झालं?"

तिथेच सगळे बसले. ऊन डोक्यावर आलं तरी कुणी उठेना.

इकडे केंद्रात हजेरी शून्यावर आली होती. मोरसाहेब मृण्मयीला घेऊन चौकशीला आले. ते उडत आले, कारण केंद्राच्या खालच्या सहा पायऱ्या नाहीशा झाल्या होत्या.

"हे विभागाचे दगड आहेत," ते पिसारा फुलवून म्हणाले.

"हे पाणवठ्याचेच दगड आहेत," गेनूअण्णा म्हणाले. "आम्ही ते घरी आणून सोडले."

मृण्मयीनं मात्र भांडण ऐकलंच नाही. ती म्हाताऱ्यांकडे बघत होती. माकड काहीतरी सांगत होतं आणि सगळे पोट धरून हसत होते. तिनं मागे वळून आपली शेपटी तपासली. शेपटी खालीच होती. तिनं वैद्य बगळ्यांना बोलावून नाड्या बघायला लावल्या. सगळ्या शांत.

ती येसाक्काजवळ आली आणि हळूच म्हणाली, "आजी, तुम्हाला खरंच पायरीच हवी होती?"

"हो गं, बाई."

"आणि मी..." मृण्मयी म्हणाली. बाळांनो, त्या क्षणी ही गोष्ट चांगली संपू शकली असती.

पण मोरसाहेब अनुभवी होते. त्यांनी पिसारा मिटला, शांत नाड्यांची यादी हातात घेतली आणि म्हणाले, "मृण्मयी, लिहून घे."

अहवाल असा होता: विभागाच्या आठ महिन्यांच्या नियोजनबद्ध उपक्रमांमुळे जंगलातील ज्येष्ठ इतके सक्षम, आनंदी आणि स्वावलंबी झाले, की त्यांनी स्वयंप्रेरणेनं पाणवठ्यावर पायऱ्या बांधल्या. सर्वांचे ताण नाहीसे झाले आहेत. हे सांजबहार पद्धतीचं यश होय.

मृण्मयीनं शेवटचं वाक्य लिहिताना थोडा वेळ घेतला. पण लिहिलं. त्याच महिन्यात तिला बढती मिळाली.

सांजबहार पद्धतीला वनराज पुरस्कार मिळाला. शेजारच्या सात जंगलांनी ती जशीच्या तशी राबवायचं ठरवलं आणि मोरसाहेब मार्गदर्शनाला गेले. सातही जंगलांत टेकड्या निवडल्या. केंद्रं मंजूर झाली. फक्त एक अडचण आली. त्या जंगलांत पाणवठ्यांवर चांगल्या भक्कम पायऱ्या होत्या आणि म्हातारे मजेत पाणी पीत होते.

त्या आधी काढाव्या लागल्या.

तात्पर्य : म्हाताऱ्यांना काय हवं आहे, हे जरूर विचारावं. मात्र ते त्यांना लगेच देऊ नये. एका पायरीत त्यांचं भलं झालं, तर एवढ्या मोठ्या विभागानं दिवसभर करायचं काय?